कोपराखालचा तळहात

"सुधारतोय म्हणे हात! सुधारतोय तो बाईंचा. दंड बघितलास का त्यांचा? आणि गृहस्थ आपले खिडकीतून झाड बघत उभे. घाम येतो तोसुद्धा बाईंनाच. अंग चोरतात गं ते, दुसरं काही नाही. सांगून सांगून माझी जीभ झिजली."

पडदा हिरवा होता, पातळ होता, आणि त्याच्या अलीकडे ती नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावत होती. व्यायाम शिकवणारी ती पोरगी हे आपल्या मैत्रिणीला काही ओरडून सांगत नव्हती. दिवसाच्या शेवटी माणूस पायातले बूट सैल करता करता बोलतं ना, तसं आपलं बोलत होती. पण दवाखान्यातले पडदे डोळ्यांपुरते असतात, कानांची सोय त्यात कुणी केलेली नसते. तिची बोटं थांबली. मग तिने मधलं बटण खालच्या काजात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. वर बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं, तर त्याचा चेहरा नेहमीसारखाच. म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाचे केस कापायला मागे उभा असताना आरशात दिसायचा तसा, समोरचं सगळं बघणारा आणि स्वतःचं काही न दाखवणारा. ऐकलं त्याने, की नाही ऐकलं? "चल," तो म्हणाला, "जाताना पाव घ्यायचाय."

पाव घेतला. पावासाठी सुटे नव्हते म्हणून बिस्किटंही घेतली. रस्ता ओलांडताना तो नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या बाजूला आला, म्हणजे दुखरा उजवा खांदा दोघांच्या मध्ये, सुरक्षित. अंग चोरतात. चपलेत खडा शिरावा तसा तो शब्द शिरला होता आणि दर पावलाला आपण आहोत म्हणून सांगत होता. तिच्या लहानपणी हा शब्द धाकट्या काकासाठी राखून ठेवलेला होता. पाणी भरायची वेळ झाली की काकाला पोटात कळ यायची. आणि हा माणूस? ज्याने तीस वर्षं दुकानाचं शटर शेजारच्यांच्या आधी वर केलं, सुट्टीच्या आदल्या दिवशी बाकावर रांग लागली की उभ्या उभ्या चार घास गिळले, ज्याच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा नकाशातल्या नद्यांसारख्या फुगल्या, तो अंगचोर? मागे फिरावं आणि त्या पोरीला चार शब्द सुनवावेत असं तिला वाटलं. ते चार शब्द तिने मनात जुळवलेसुद्धा. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत ते अगदी धारदार झाले होते. पण घराच्या जिन्यापाशी येईपर्यंत तिच्या लक्षात आलं की आपण त्या बोलण्याच्या एका अर्ध्याशीच भांडतोय. दुसऱ्या अर्ध्याला, त्या बाईंच्या दंडाला, आपण हातच लावलेला नाही.

तो पडला होता तो दुकानातच. आरशाची वरची कड पुसायला म्हणून स्टुलावर चढला, आणि स्टूल एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं. हात गळ्यातल्या झोळीत गेला, हाड जुळलं, झोळी निघाली. मग उरला तो हात, बारीक, फिका, ओलसर कापडाचा वास येणारा. दवाखान्यातल्या त्या पोरीने पहिल्या दिवशी तिला बोलावून दाखवलं होतं: तुम्ही त्यांच्यासमोर जराशा बाजूला उभ्या राहा, तळहात असा त्यांच्या कोपराखाली, ते हात वर नेतील, तुम्ही नुसता आधार द्यायचा. उचलायचं नाही हं. आणि हळूहळू तोही कमी करत जायचा. तिने मान डोलावली होती. शाळेत सगळ्या मुली डोलावतात तशी. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी, चहा झाला की, तो बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी उभा राहायचा, "हं" म्हणायचा, आणि हात वर जायचा. आधी खिडकीच्या कठड्यापर्यंत. मग गजाच्या मध्यापर्यंत. गेला महिनाभर तर थेट वरच्या कडीपर्यंत. मुलीचा फोन आला की ती सांगायची, "कडीला लागतो आता हात." मुलगी लांबच्या शहरात, तिच्या मागे नेहमी कसला तरी नळ सुरू असल्यासारखा आवाज. "वा, छान," मुलगी म्हणायची. दुकानातला जोडीदार म्हणायचा, "छान." समोरच्या घरातले पेन्शनर म्हणायचे, "छान छान." फक्त दवाखान्यात गेलं की तोच हात छातीपर्यंत येऊन थांबायचा, वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखा. "इथे अवघडतात ते," ती त्या पोरीला समजावायची, "घरी जातो हो कडीपर्यंत. माझ्यासमोर जातो." आणि ती पोरगी तिच्याकडे बघून हसायची. त्या हसण्याचा अर्थ आज पडद्याआडून कळला.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर तो खिडकीशी उभा राहिला आणि "हं" म्हणाला. तिने तळहात कोपराखाली ठेवला, आणि पहिल्यांदाच आपल्या तळहाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं लक्ष दिलं. तर काय, त्याचा हात निघायच्या आधीच तिचं मनगट निघालेलं! समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत शेवटचा शब्द आपणच बोलून टाकणारी माणसं असतात, तसा तिचा हात होता. तिने गॅसची ज्योत बारीक करावी तसा जोर थोडा कमी केला. त्याचा हात तिथेच राहिला. आणखी कमी केला. तेव्हा तो हात तिच्या तळव्याबरोबर खाली आला, काही कुरकुर न करता, यजमानाच्या मागे जिना उतरणाऱ्या पाहुण्यासारखा. तो खिडकीबाहेर झाडाकडे बघत होता. "आज खालीच राहिला," तो म्हणाला. "दमलात," ती म्हणाली. आणि तिचा तळहात वर गेला, त्याच्या हातासकट, कडीपर्यंत. दोघांनाही हायसं वाटलं. तिला तर इतकं हायसं वाटलं की त्याचीच तिला भीती वाटली.

कारण त्या हायसं वाटण्याच्या तळाशी काय आहे ते तिला माहीत होतं, आणि ते बाहेर काढून उन्हात ठेवायची तिची तयारी नव्हती. तीस वर्षं त्या हाताने गावभरची डोकी हाताळली होती. पोस्टमनचं टक्कल, शाळामास्तरांची शेंडीएवढी उरलेली पुढची बट, रडणाऱ्या पोरांची भोवऱ्यांची डोकी; गिऱ्हाइकाची मान जरा डावीकडे वळवायची तर दोन बोटं कानामागे किती हळू टेकवावीत हे त्या हाताला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात डबा घेऊन गेली तेव्हा तिने काचेतून बघितलं होतं, एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर त्याचा तळहात नुसता ठेवलेला, कात्री दुसरीकडे, आणि म्हातारा डोळे मिटून बसलेला, जणू सगळं जग जागच्या जागी आहे. तिला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला होता. मग रात्री तो हात घरी यायचा तो कामावरून सुटलेल्या माणसासारखा, बोलायला नको, हलायला नको. खुर्चीच्या हातावर पडून राहायचा. भांडण नव्हतं, दुरावा म्हणावा असंही काही नव्हतं. संसार चांगला चालला होता, मुलगी शिकली, छत गळायचं थांबलं. फक्त तो हात तिच्यापेक्षा पोस्टमनच्या जास्त ओळखीचा होता, एवढंच. आणि आता त्याचं कोपर रोज तिच्या तळव्यात असायचं. सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखं कोमट. त्याच्यावर एक जुना व्रण होता, तो तिने या वयात पहिल्यांदा बघितला. विचारलं, तेव्हा कळलं, लहानपणी विहिरीच्या काठावर घसरला होता. विहीर! इतक्या वर्षांत तिला त्याच्या आयुष्यात एक विहीर आहे हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी त्या विहिरीतलं कासव निघालं. मग कासवाला खाऊ घालणारी त्याची आत्या. हात वर-खाली होत राहायचा आणि तो झाडाकडे बघत कासवाबद्दल बोलायचा, आणि तिच्या दंडावरून घाम काखेकडे जायचा, आणि तिला वाटायचं की हे असंच चालावं.

ती कामाला होती ती एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, चादरींच्या खोलीत. यंत्रातून गरम गरम चादरी बाहेर पडायच्या आणि दोन-दोन बायकांनी त्यांच्या घड्या घालायच्या. तिच्या जोडीची बाई इतकी उंच होती की सगळं तळघर तिला जिराफ म्हणायचं, आणि जिराफही स्वतःला जिराफच म्हणायची. दुसऱ्या दिवशी चादरीचं टोक हातात घेतल्या घेतल्या जिराफ म्हणाली, "तुझी बाही बघ, उसवायला लागलीये. एकाच हाताने कुस्ती खेळतेस काय गं?" कामावरच्या निळ्या डगल्याची उजवी बाही खरंच दंडाला घट्ट झाली होती, डावी आपली पहिल्यासारखीच झुलत होती. आठवडाभर जिराफ त्यावरून चेष्टा करत होती आणि आठवडाभर ती हसत होती. आज हसू आलं नाही. "ए, ओढ की!" जिराफ ओरडली. "नुसतं धरून उभी काय राहिलीस? तू नुसतं धरलंस तर मी काय एकटीने दोन्हीकडून ओढू?" चादर मध्येच पोट सोडल्यासारखी लोंबत होती. तिने टोक मुठीत आवळलं, मागे रेलून अंगाचा भार टाकला. तिकडून जिराफने टाकला, आणि चादर फाटकन सरळ झाली. अशा वेळी ताण बोटांतून खांद्यात येतो, कळतं की पलीकडे कुणीतरी आहे. तिला हा ताण आवडायचा. चादरीमागून चादर, गरम वाफेत, दोघी जवळ यायच्या, टोकं जुळवायच्या, लांब व्हायच्या. पण आज तिच्या डोक्यात निराळंच सुरू होतं: आपण त्याला नुसतं धरून उभं राहायला शिकवलं. आणि दोन्हीकडून आपणच ओढतोय.

संध्याकाळी घरी आली तर दुकानातला जोडीदार बसलेला. दोन खुर्च्यांचं दुकान, एक खुर्ची याची, एक त्याची, तरुणपणापासूनची जोडी. त्याच्या मांडीवर दुकानातला पांढरा टॉवेल गुंडाळलेला होता आणि तो त्याच्याशी मांजराशी खेळावं तसा खेळत होता. "घाई काही नाही हं," तो म्हणाला. अजून कुणी घाईचं नाव काढलं नव्हतं. मग हवेचं बोलणं झालं, दुकानासमोर खणलेल्या खड्ड्याचं झालं. "काय म्हणतो हात?" "वर जातो," नवरा म्हणाला. "कडीला लागतो," ती म्हणाली. "छान," जोडीदार म्हणाला, आणि खिडकीच्या कडीकडे बघत बसला. चहाचा शेवटचा घोट संपवून उठताना त्याने तो टॉवेल टेबलावर ठेवला, हळूच, आवाज होणार नाही असा. तरी आत काहीतरी खणखणलं. "तुझ्या कात्र्या. नुसत्या पडून होत्या, म्हटलं, दमट हवेत गंज चढेल." दारापाशी चप्पल घालताना, चपलेशीच बोलावं तसं म्हणाला, "एक जण येऊन गेला. खुर्चीबद्दल विचारत होता. माणूस बरा आहे, हात चांगला आहे. मी म्हटलं, बघू पहिल्या तारखेनंतर." "बरं केलंस," नवरा म्हणाला. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याकडे बघितलं नाही. जोडीदार जिना उतरून गेला. त्याच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत नवरा दारातच उभा होता. मग तो खिडकीशी गेला, "हं" म्हणाला, आणि ती गेली, तळहात ठेवला, आणि हात वर गेला, आणि टॉवेल टेबलावर तसाच होता. कासवाचं बोलणं काही त्या दिवशी निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ती एकटीच दवाखान्यात गेली. ती पोरगी रबरी पट्ट्या गुंडाळून डब्यात भरत होती. तिला बघून तिचा चेहरा आधी प्रश्नार्थक झाला आणि मग लाल. "तुम्ही ऐकलंत परवा," पोरगी म्हणाली. "पडदा पातळ आहे तुमचा," ती म्हणाली. ती भांडायला आली नव्हती, पण भांडायला न येण्याचा सराव नसल्यामुळे कुठून सुरू करावं हे कळत नव्हतं. "त्यांचं हाड नीट आहे ना? मग काय अडलंय?" पोरीने डबा बाजूला ठेवला. "हाड जुळलंय. सांधा मोकळा आहे, तुमच्या हातानं वर जातोच की. अडलंय ते फक्त कष्टापाशी. स्नायू फार लबाड असतो, काकू. दुसरं कुणी करतंय म्हटलं की झोपतो. सोपं सोपं शंभरदा करा, त्याला पत्ता नाही लागत. पण नकोसं होतं ना, हात थरथरतो, श्वास चढतो, वाटतं आता सोडावं, तिथून पुढचे दोन-चार जे असतात ते खरे. आधीचे सगळे नुसते तिथपर्यंत पोचायचे." "आणि दुखलं म्हणजे?" "दुखणं वेगळं, दमणं वेगळं. टोचलं, कळ गेली, तर लगेच थांबायचं. थरथरलं तर थांबायचं नाही. थरथरतो म्हणजे हात जागा झाला." तिने डब्यातली एक पट्टी उचलली, परत ठेवली. मग म्हणाली, "मला बघवत नाही ती थरथर." तिला वाटलं पोरगी हसेल, किंवा काहीतरी समजूतदार बोलेल, या शिकलेल्या पोरी बोलतात तसं. पोरगी म्हणाली, "मग बघू नका."

घराच्या जिन्यात दुसऱ्या वळणावर भिंतीला एक लांब ओरखडा होता. इतक्या वर्षांत त्यावरून रंगाचे हात फिरले, तरी तो वर यायचाच. तो त्यांच्या कपाटाचा. नवीन लग्न, नवीन खोली, आणि हमालाला कशाला, आपण दोघं आहोत की, असं म्हणून त्या दोघांनीच ते लोखंडी कपाट वर चढवलं होतं. ती वरच्या बाजूला, उलटी चढत, तो खाली. "धरलंस ना नीट?" तो दर पायरीला विचारायचा. "धरलंय," ती म्हणायची, आणि तिला वाटायचं, बघा, अर्धं कपाट मी उचललंय. कितीतरी वर्षं ती हे लोकांना सांगायची. मुलीला सांगितलं, जिराफला सांगितलं, निम्मं कपाट मी चढवलं बरं का. मग एकदा शेजारचं सामान हलवताना हमालांपैकी एकाने दुसऱ्याला दम दिला, "वरच्याला काय धाड भरलीये, जिन्यात सगळा भार खालच्यावर येतो!" आणि ती दारात उभी होती, हातात कुणासाठी तरी पाण्याचा तांब्या, आणि तिला एकदम ते कपाट आठवलं. त्याच्या मानेची शीर. त्याचं दर पायरीला विचारणं. घरात जाऊन ती त्याला म्हणाली होती, "कपाट सगळं तुम्हीच उचललं होतं." तो पेपर वाचत होता. "कुठलं कपाट?" म्हणाला. आज त्या ओरखड्यावर बोट ठेवून ती उभी राहिली, आणि तिला वाटलं की खालच्या बाजूला राहणं हे काही फार मोठं दुःख नाही, उलट त्यात एक छुपं सुख असतं. आणि ते सुख त्यानेही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण कपाट एकदाच चढवायचं होतं. आणि कपाटाला स्वतःच्या पायांनी कुठे जायचं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी उन्हाचा चौकोन खिडकीतून जमिनीवर आला होता. तिने जेवणाच्या टेबलाजवळची बिनहातांची खुर्ची ओढून त्या चौकोनात ठेवली, टॉवेल उलगडला, कात्र्या टेबलावर ओळीने ठेवल्या, टॉवेल स्वतःच्या खांद्यांवर घेतला आणि बसली. तो दारात येऊन थांबला.

"हे काय?"

"केस वाढलेत माझे. कापा."

"वेड लागलंय का तुला?"

"गिऱ्हाइकाशी असं बोलता का दुकानात?"

तो आत आला. त्याच्या चपलांचा आवाज तिच्या मागे येऊन थांबला. समोर भिंत होती, कॅलेंडर होतं, आरसा नव्हता. त्याचा चेहरा दिसणार नाही अशीच खुर्ची तिने ठेवली होती.

"डाव्या हाताने नाही जमायचं मला," तो म्हणाला.

"उजव्याने कापा."

"मग धरशील ना?"

"गिऱ्हाईक कधी कारागिराचा हात धरतं का? कात्री राहू दे आधी. नुसता हात आणा माझ्या डोक्यावर. तेवढंच."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मग शर्टाची सळसळ झाली, आणि थांबली.

"पडतोय," तो म्हणाला.

"पडू दे. टोचतंय का?"

"टोचत नाही. पण जोर नाही त्याच्यात."

"मग पुन्हा आणा."

"तुझं बरंय!" त्याचा आवाज चढला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा चढला होता, आणि तिला का कोण जाणे बरं वाटलं. "बसल्या बसल्या हुकूम सोडायला काय जातंय? त्या पोरीने शिकवून पाठवलंय ना तुला? अंगचोर म्हणाली ती मला."

"ऐकलंत तुम्ही?"

"खांदा मोडलाय माझा. कान नाही मोडला."

ती हसली नसती तर रडली असती, म्हणून हसली. मागे तोही नाकातून जरासा हसला, आणि मग ते हसणं संपून श्वास उरला. पुन्हा सळसळ. आता त्याची बोटं खुर्चीच्या पाठीला लागली, तिला लाकडातून कळलं. तिथून वर चढली, टॉवेलच्या कडेला लागली, आणि घसरली. तिचा उजवा तळहात मांडीवरून आपणहून उठला. तिने तो परत खाली आणला आणि मांडीखाली दाबला, डावाही दाबला, आणि त्या दोन्ही हातांवर ती सगळं वजन टाकून बसली. आयुष्यात तिने चादरी ओढल्या होत्या, जिन्याने पाणी चढवलं होतं, एका मुलीला जन्म दिला होता. पण या न उठण्याला जेवढा जोर लागत होता तेवढा तिला कशालाच लागल्याचं आठवेना. दंड थरथरायला लागले, दोन्ही. मागे त्याचा श्वास चढत होता, कुणी जिना चढताना येतो तसा, मध्ये मध्ये "हं" असा आवाज. रोजचा तो आळशी हं नव्हे, दातांतून आलेला. बोटं तिच्या पाठीला लागली. खांद्याच्या हाडापर्यंत आली. तिथे थांबली, आणि तिला ती थरथर कळली, टॉवेलमधून, कातडीतून. बघितली नाही तरी कळली, एखाद्या बसचं इंजिन सुरू असताना सीटमधून कळावी तशी. सोडा आता, पुरे झालं, हे शब्द तिच्या जिभेवर आले. तिने ते गिळले. "धरलंय ना नीट?" असं विचारावंसं वाटलं, तेही गिळलं. हात घसरला, खाली गेला, आणि तिने डोळे मिटले. संपलं, तिला वाटलं. आता तो जाईल आणि खिडकीशी उभा राहील आणि "हं" म्हणेल, आणि मी जाईन. जाईनच मी. तेवढ्यात तिच्या मानेवर काहीतरी पडलं, कोमट, एक थेंब. तिला आधी वाटलं तो रडतोय. मग ओघळ टॉवेलच्या आत गेला, त्याचा वास आला, आणि तो घाम होता.

हात पुन्हा येत होता. पाठीवरून, मानेवरून, मानेपाशी तो इतका वेळ थांबला की त्या वेळात उन्हाचा चौकोन तिच्या पायावरून सरकल्यासारखा वाटला. मग केसांच्या मुळाशी दोन बोटं टेकली, कानामागे, अगदी हळू, जशी कुणाच्याही टेकायची. आणि तिथून एक शेवटचा हिसका देऊन, सगळा हात, जड, ओला, थरथरणारा, तिच्या डोक्यावर येऊन पडला. पडला आणि राहिला. तिने मान हलवली नाही. हलवली असती तर तो घसरला असता. तो म्हातारा डोळे मिटून का बसला होता ते तिला आता कळलं.

"तूच उचलत होतीस," तो म्हणाला. धाप लागली होती त्याला. "पहिल्यापासून. मला कळत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

तिच्या डोक्यावर हात थरथरत होता, पण होता.

"बोललो असतो," तो म्हणाला, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा, "तर तू तुझा काढून घेतला असतास."